पहिलं नको

शहाऐंशी.

शाळेत मला एवढे मार्क कधी पडले नव्हते. दहावीला गणितात छत्तीस पडले तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते. आणि आता वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शंभरापैकी शहाऐंशी पडले, तर समोर बसलेले कर्मचारी विभागाचे मंडलिक साहेब माझा एक्स-रे बघितल्यासारखं तोंड करून बसले होते.

"विजाक्का, आकडा सत्तरच्या वर असेल तर त्या माणसाच्या हाताखाली माणसं द्यायची नाहीत, असा नियम आहे," ते म्हणाले. "तुम्हाला तो माहीत आहे."

माहीत कसा नसेल? तो नियम यावा म्हणून अर्ज मीच लिहिला होता.

मी विजया जमदाडे. तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षं आहे. बेदाणा धुवायचा, निवडायचा, पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरायचा आणि शीतगृहात थप्पी लावायची, एवढं आमचं काम. पॅकिंगला आम्ही बेचाळीस बायका. दोन वर्षांपूर्वी आमचा विभागप्रमुख तोडकर नावाचा माणूस होता. कुणाला पाच मिनिटं उशीर झाला, की तो तिला पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात उभी करायचा. संध्याकाळी थांबायला नको म्हटलं तरी थांबवून घ्यायचा. त्याच्यापुढे 'नको' या शब्दाला काही किंमतच नव्हती. शेवटी 'याला काढा आणि असा माणूस पुन्हा आमच्यावर नेमायचा नाही असा नियम करा' म्हणून मी अर्ज लिहिला, बेचाळीस सह्या घेतल्या आणि मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. तोडकर गेला. त्याच्या जागी दुसरा तोडकर येऊ नये म्हणून मालकांनी पुण्याहून ते यंत्र आणलं.

यंत्र म्हणजे गळ्यात घालायचा बिल्ला. त्याचा दिवा आकडा चढेल तसा हिरव्याचा पिवळा आणि लाल होतो, म्हणून आम्ही त्याला काजवा म्हणायचो. तो समजावून द्यायला डॉ. केतकी वर्तक आल्या होत्या. बाई हुशार, बोलणं गोड आणि मुद्द्याला धरून.

त्या म्हणाल्या, "तुम्हाला सत्ता आवडते का, असं माणसाला विचारून काही उपयोग नसतो. सगळे नाहीच म्हणतात. बरेच जण ते मनापासून म्हणतात, कारण आपल्याला आतून काय हवंय ते आपलं आपल्यालाच ठाऊक नसतं. म्हणून मानसशास्त्रात एक जुनी युक्ती आहे. माणसाला चित्र दाखवायचं आणि त्यावर गोष्ट सांगायला लावायची. माणूस गोष्ट चित्रातल्या लोकांची सांगतो, पण त्यांच्या इच्छा स्वतःच्या घालतो."

तसं एक चित्र आम्हालाही दाखवलं. एका मशीनपाशी दोन बायका उभ्या होत्या. मी गोष्ट सांगितली, "ही पहिली दुसरीला म्हणतेय, सर बाजूला, तुला जमायचं नाही, मी करते." सगळ्या हसल्या. वर्तक बाईंनी मात्र काहीतरी लिहून घेतलं.

काजवा तेच काम दिवसभर करतो, असं त्या म्हणाल्या. आपण काय बोलतो, मधे कुणाचं बोलणं तोडतो, बोलताना गळ्यापाशी किती घाम येतो, हे तो टिपतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपण बोलल्यावर समोरचा स्वतःचा विचार बदलतो का आणि तो बदलल्यावर आपल्याला बरं वाटतं का, हे तो मोजतो. दुसऱ्यावर आपला परिणाम व्हावा ही ओढ, म्हणजे सत्तेची ओढ. ओरडणं त्यात येतं, तशी न मागता केलेली मदतही येते आणि न मागता दिलेला सल्लाही. प्रशिक्षणानंतर जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी लागली: 'एकदाच विचारा. उत्तर माना.'

पाटी मला फार आवडली होती. तोडकरच्या कपाळावर गोंदवायला हवी होती, असं मी म्हटलेलं आठवतं.

आता मंडलिक साहेब माझा अहवाल वाचून दाखवत होते. "तुमचा कामाच्या वेळेतला आकडा चौसष्ट आहे. म्हणजे ठीकच. पण दुपारी बारा चाळीस ते सव्वा एक या वेळात तो सत्त्याण्णववर जातो, आणि तुमचं बहुतेक बोलणं त्याच वेळातलं आहे."

"ती जेवायची सुट्टी असते, साहेब."

"हो. इथे नोंद आहे बघा." त्यांनी वाचायला सुरुवात केली. "शालन हुलवान: नको. विजया जमदाडे: घे गं. हुलवान: नको, पोट भरलं. जमदाडे: एवढ्याशानं काय होतंय? हुलवान: नको खरंच. जमदाडे: घे म्हणते ना, माझी शप्पथ आहे. एका जेवणात चौदा वेळा तुम्ही समोरच्याचा नकार मोडून काढला. आणि प्रत्येक वेळी तिनं घेतल्यावर तुमच्या शरीरात समाधानाची नोंद आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अहो, तो आग्रह आहे! ती शेंगदाण्याची चटणी होती!"

"यंत्राला चटणी दिसत नाही, अक्का. नकार दिसतो."

आमच्याकडे पहिल्या 'नको'ला कुणी नकार समजत नाही. पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं आणि तिसरं खरं. पहिल्याच वेळी 'द्या' म्हणणारा हावरट आणि पहिल्याच नकोला ताट उचलणारी कद्रू. हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. पुण्यातल्या बाईला कळलं नाही की तिच्या यंत्राला, देव जाणे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच.

पण खोटं कशाला बोलू? घरी जाताना एक काटा टोचत राहिला. तोडकरही नको ऐकायचा नाही आणि मीही ऐकत नव्हते. शालन घ्यायची तेव्हा मला बरं वाटायचं, हेही खरं होतं.

आणि मला विभागप्रमुखाची खुर्ची हवी होती. साधूचा आव मी कधी आणला नाही. एकोणीस वर्षं कुणाच्या रजा कशा बसवायच्या, कुठल्या दोघींना एका टेबलावर ठेवायचं नाही, हे मी बघत होते आणि सही दुसऱ्याची होत होती. सहीशिवाय काही होत नाही. शीतगृहातल्या तीन नंबरच्या चेंबरमधलं अमोनियाची गळती ओळखणारं यंत्र दोन वर्षं बंद होतं. शीतगृह अमोनियावर चालतं, आणि तो पाइपातून गळला तर आधी डोळे आणि मग छाती जाळतो. एक आणि दोन नंबरला गळती हुंगून भोंगा वाजवणारं यंत्र होतं. तीनची फाइल वर गेली होती ती गेलीच. प्रमुख झाले असते तर पहिल्या दिवशी ती सही केली असती.

सध्या त्या खुर्चीवर तात्पुरते खराडे साहेब होते. त्यांचा आकडा बावीस. माणूस देवासारखा, म्हणजे हाक मारली तर ऐकतो आणि करत काही नाही. काहीही विचारलं की ते आपल्यालाच विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं?" आपल्याला जे वाटतं ते सांगितलं की म्हणायचे, "बघू, वर विचारतो."

"सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी आहे," मंडलिक साहेब म्हणाले. "तेव्हा आकडा सत्तरच्या खाली आला तर खुर्ची तुमचीच. दुसरं कुणी लायक नाही, हे मलाही कळतं. थोडं सोडायला शिका, अक्का."

मग मी सोडायला शिकले.

शालनला दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी सगळं सांगितलं. शालन हुलवान माझ्याबरोबर त्याच दिवशी कामाला लागलेली. बारीक अंगाची आणि कामाला वाघीण. ती हसून म्हणाली, "मग नगं देऊ चटणी. सहा म्हैनं कोरडी भाकरी खाईन मी. पर त्या खुर्चीत बस बाई एकदाची. तीन नंबरात जायला भ्या वाटतंय मला."

त्या दिवसापासून मी एकदाच विचारायचे. "चटणी हवी का?" शालन सवयीनं 'नको' म्हणायची आणि मी डबा झाकायचे. पहिले आठ दिवस आम्हाला हसू यायचं. मग ते येईनासं झालं. हळूहळू बाकीच्या बायकाही आकड्याला भ्यायला लागल्या आणि जी ती आपापल्या डब्यात बघून जेवायला लागली. बेचाळीस बायका एका हॉलमध्ये आणि आवाज फक्त डब्यांच्या झाकणांचा.

काजवा संध्याकाळी गेटवर काढून ठेवायचा असतो, पण सवय गेटवर ठेवता येत नाही. मे महिन्यात माझ्या नणंदबाई, बेबीवन्सं, कऱ्हाडहून आल्या. मी आमरस केला होता. पहिली वाटी संपली तसं मी विचारलं, "वन्सं, रस वाढू?"

"नको वैनी, बास झाला," त्या म्हणाल्या आणि रीतीप्रमाणे वाटीवर हात आडवा धरला, बोटांत फट ठेवून.

"बरं," मी म्हटलं आणि पातेलं आत नेलं.

स्वयंपाकघरात गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते. बाहेर वन्सं तसाच हात वाटीवर ठेवून बसल्या होत्या. संध्याकाळच्या गाडीनं त्या परत गेल्या. खरं तर चार दिवस राहायला आल्या होत्या. आमचे हे रात्री म्हणाले, "माझ्या बहिणीला दुसरी वाटी जड झाली व्हय तुला?"

"त्या नको म्हणाल्या."

"नको म्हणाल्या!" ह्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, ती जन्मात कधी पहिल्यांदा हो म्हणालीय का? लग्नाला सुदिक तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणाली!"

मला रडू आलं आणि रागही आला. रागावायचं कुणावर? आकडा मात्र उतरत होता. जूनमध्ये एक्क्याऐंशी, जुलैत पंच्याहत्तर, ऑगस्टच्या शेवटी एकाहत्तर. कुणाचं डोकं दुखतंय दिसलं तरी मी घरी जा म्हणत नव्हते. नवीन मुलगी बॉक्सची पट्टी उलटी लावत होती, तिनं विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. मंडलिक साहेब जाता-येता अंगठा दाखवायचे. मोजणीला चार दिवस उरले तेव्हा मी एकोणसत्तरवर होते.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मी पॅकिंगमधून शीतगृहाच्या दाराशी आले तर नाकाला किंचित झणका लागला. शीतगृहात काम करणाऱ्याला तो वास झोपेतही ओळखू येतो. कधी कधी तो थोडा येतो आणि जातो. कधी जात नाही. तीन नंबरात शालन एकटीच थप्पी लावत होती.

मी धावत खराडे साहेबांकडे गेले. "साहेब, तीन नंबरला वास मारतोय. कॉम्प्रेसर बंद करायला सांगू का?"

"जास्त आहे का?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं! मला वाटत होतं भोंगा दाबावा, सगळ्यांना शेडबाहेर काढावं, ऑपरेटरच्या अंगावर खेकसावं. माझी मान ओली झाली होती. खाली बघितलं तर काजवा पिवळा.

"तुम्ही ठरवा, साहेब," मी म्हटलं.

"मग मी वर विचारतो," म्हणून त्यांनी फोन उचलला.

मी दाराशी परत गेले आणि इंटरकॉम दाबला. "शालन, वास येतोय गं. बाहेर येतेस का?"

"नको गं," आतून तिचा आवाज आला. "दोनच थप्प्या राहिल्यात. परत कोण ती जाकिटं चढवत बसतंय?"

एरवी मी काय म्हटलं असतं ते मला पाठ आहे. 'थप्प्या गेल्या खड्ड्यात, भवाने, आधी बाहेर हो.' एवढंच म्हणायचं होतं. आत जाऊन दंडाला धरून ओढायची होती. हे सहा महिने सोडले तर एकोणीस वर्षांत मी तिचं एकही नको ऐकलं नव्हतं.

"बरं," मी म्हटलं.

काजवा हिरवा झाला.

तेरा मिनिटांनी तीन नंबरच्या पाइपाचा जोड सुटला. भोंगा वाजला नाही, कारण वाजणारं यंत्रच बंद होतं. धुरासारखं पांढरं दाराखालून आलं तेव्हा मी ओरडले, ऑपरेटरनं मुख्य झडप बंद केली आणि शालन भिंत चाचपत, गुडघ्यांवर बाहेर आली. तिच्या डोळ्यांवर मी अर्धा तास पाणी ओतत होते. खराडे साहेब शेजारी उभे होते, फोन कानाला लावून. वरून अजून कुणी उचललं नव्हतं.

मिरजेच्या दवाखान्यात तिचा उजवा डोळा वाचला. डावा गेला. छाती महिनाभरात बरी होईल म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं. मी खाटेशेजारी बसले. मग तेच बोलले जे तीन दिवस स्वतःला सांगत होते. "मी विचारलं होतं गं तुला. तू नको म्हणालीस."

शालन घशातून खरखरत म्हणाली, "मी तर नकोच म्हणत आले जन्मभर. तू कवापासनं ऐकाय लागलीस?"

मी तिचा हात धरून रडले. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "रडू नगंस. खुर्ची मिळंल न्हवं आता? घे ती. आन् तीन नंबराला ते यंत्र बसीव आधी. दुसरी कुणीतरी जाईल न्हाईतर आत."

"बसवते," मी म्हटलं. "शप्पथ."

सोमवारी साडेबाराला मंडलिक साहेबांनी बोलावलं. ते हसत होते, पण प्रसंग ओळखून, बेतानं. "आकडा पासष्ट, अक्का. शेवटचे चार दिवस तर तुम्ही कुणाशी फारसं बोललाच नाहीत. फार छान प्रगती आहे." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हा तुमचा सहा महिन्यांतला सर्वांत चांगला क्षण निघालाय. बुधवार, तीन वाजून बारा मिनिटं. सहकाऱ्याच्या नकाराचा पूर्ण आदर."

त्यांना ते काय आहे हे माहीत नव्हतं. त्यांनी फक्त आकडे बघितले होते. मला मात्र इंटरकॉमचं बटण बोटाखाली लागलं.

"तर अधिकृतपणे विचारतो," ते म्हणाले आणि बोट पडद्यावरच्या 'हो' आणि 'नाही' अशा दोन चौकोनांवर नेलं. "पॅकिंग विभागाचं प्रमुखपद तुम्ही स्वीकारता का?"

आणि मी म्हणाले, "नको."

शालनच्या डोळ्याची लाज त्यात होती. त्याहून जास्त सवय होती. एवढी मोठी गोष्ट पहिल्या विचारण्याला 'द्या' म्हणून घ्यायची आमच्यात रीत नाही. माणूस नको म्हणतो, समोरचा म्हणतो असं कसं, तुमच्याशिवाय कोण आहे. माणूस परत नको म्हणतो, आणि मग तिसऱ्यांदा मान खाली घालून बरं म्हणतो. मी दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होते.

"ठीक आहे," मंडलिक साहेब म्हणाले. "तुमच्या उत्तराचा आदर आहे." त्यांनी चौकोन दाबला. "खराडेंना कायम करू. पुढची संधी सहा महिन्यांनी."

"साहेब, म्हणजे मी तसं..." माझी मान ओली झाली. काजवा पिवळा. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि समजुतीनं मान हलवली. "एकदा नोंद झाली की बदलता येत नाही, अक्का. तुम्हीच तर अर्ज केला होता या नियमासाठी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. साहेबांवर, वर्तक बाईंवर, त्या पाटीवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. सहा महिने माझा आग्रह मी गिळला, वन्सं तोडल्या, शालनचा डोळा घालवला आणि ज्यासाठी हे केलं ते एका नकोत घालवून बसले. तेलही गेलं, तूपही गेलं.

मी उठले. दारापर्यंत गेले. आणि तिथून परत आले.

"खुर्ची राहू द्या," मी म्हटलं. "तीन नंबरचं यंत्र बसवा. आज."

"फाइल वर आहे, अक्का. मी विचारतो."

"विचारा. लावा फोन."

"आता जेवायची सुट्टी आहे..."

"मलाबी आहे," मी म्हटलं, त्यांच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले. काजवा लाल झाला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी पिशवीतून डबा काढला, टेबलावरचे त्यांचे कागद बाजूला सारले आणि झाकणात भाकरी ठेवली. वर शेंगदाण्याची चटणी, तेल घालून. "घ्या. फोन लागंपर्यंत जेवा."

साहेब त्या लाल दिव्याकडे बघत होते. "नको, अक्का," ते म्हणाले.

"हे पहिलं," मी म्हणाले आणि झाकण त्यांच्या पुढ्यात सरकवलं.